वाघिणीचं दूध आणि झाडीचं ‘पानी’

‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांचं आणि आपल्या पिढीचं फारसं जमत नाही. ‘हल्लीची पोरं...’ अशी सुरुवात झाली की पुढचं भाषण आपल्याला पाठच असतं! पण मित्रांनो, मराठीत एक लेखक असा होऊन गेला, ज्याने हे भाषण पंचविशीच्या आत सुरू केलं आणि एकतिसाव्या वर्षी तो गेलासुद्धा. विष्णुशास्त्री चिपळूणकर!

१८७४ साली त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक काढलं. त्याचे ८४ अंक निघाले. त्यांची तक्रार सरळ होती. इंग्रजी शिकलेल्या लोकांना आपली भाषा, आपला इतिहास, आपलं सगळंच हलकं वाटू लागलंय. लोकहितवादींसारख्या सुधारकांना घरातले दोष तेवढे दिसतात. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. १८७९ साली सरकारी नोकरी सोडली, १८८० साली टिळकांबरोबर पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढली. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा त्यांचा निबंध तर इतका झोंबला, की त्यांच्या मृत्यूनंतर, १९१० साली, इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली.

मी कॉन्व्हेंटची. मधल्या सुट्टीत मराठी बोललं की आम्हाला दंड भरावा लागे. त्यामुळे चिपळूणकरांचा राग मला आतून कळतो. गंमत म्हणजे इंग्रजीला ‘वाघिणीचं दूध’ म्हटल्याचं त्यांच्याच नावावर सांगतात! म्हणजे राग इंग्रजीवर नव्हता, लाचारीवर होता. इथपर्यंत मी त्यांच्या बाजूची.

पण याच लेखणीने जोतीराव फुल्यांची टर उडवली. १८७३ साली फुल्यांचं ‘गुलामगिरी’ आलं होतं. शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून का जगू दिलं नाही, हा त्यातला प्रश्न. चिपळूणकरांनी फुल्यांची भाषा अशुद्ध ठरवली, व्याकरणाच्या चुका काढल्या. साहेबापुढे मान झुकवू नका म्हणणारा माणूस शेतकऱ्याच्या मराठीला मात्र हसला.

आता जरा आपल्या मेसमध्ये या. साकोली-लाखांदूरकडचा एखादा मुलगा ‘पानी’ म्हणाला, डोळ्याला ‘डोरा’ म्हणाला की टेबलावर हशा पिकतो. पुण्याकडचे हसतात, नागपूरचे हसतात आणि भंडाऱ्याचेसुद्धा! दोन-तीन महिन्यांत तो मुलगा बोलणंच कमी करतो. व्हायव्हात उत्तर येत असूनही गप्प बसतो. त्याचे मार्क जातात आणि आपल्याला पत्ताही नसतो. तो बोलतो ती झाडीबोली. तिच्यात ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. ही चूक नाही, हा त्या बोलीचा नियम आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा अभ्यास केला, तिच्या साहित्याची चळवळ उभी केली.

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून आणखी एक गोष्ट. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने जमिनीचा उतार ओळखून पाळी बांधल्या, तुडूमातून धानाला पाणी सोडलं. ही परंपराच ना? आणि ती माणसं कोणत्या भाषेत बोलली असतील? ‘पानी’च म्हणाली असतील!

आधुनिकतेवर गांधीजींनीही टीका केली. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी आगगाडी, वकील, डॉक्टर सगळ्यांनाच धारेवर धरलं. आपल्याला ते सगळं पटणं कठीण आहे. पण त्यांची परंपरा शेतकऱ्याच्या घरापासून सुरू होते. १९३६ साली ते राहायला गेले तेही वर्ध्याजवळच्या एका खेड्यात, आजच्या सेवाग्रामला.

म्हणून मला वाटतं, ‘आपली संस्कृती बुडाली’ म्हणणाऱ्या प्रत्येक लेखकाला ऐकावं जरूर, कारण त्याचं दुखणं पुष्कळदा खरं असतं. पण एक प्रश्नही विचारावा: तुमच्या ‘आपली’मध्ये कोण कोण येतं? त्यात लाखांदूरचा तो मुलगा आहे का?

आणि हाच प्रश्न आपल्या मेसच्या टेबलालाही विचारायला हवा. येत्या गॅदरिंगला एक एकांकिका झाडीबोलीत बसवू या की! लोक हसतीलच. पण ते विनोदाला हसू देत, माणसाला नको.