कुंडी गेली, काटा आला

नागपुरात आमच्या महाल भागात कोपऱ्याकोपऱ्यावर सिमेंटची गोल कचराकुंडी असायची. कचरा कुंडीत कमी, भोवताली जास्त. बायका लांबूनच बादलीतला कचरा भिरकावायच्या, पुढचं काम गाईकुत्र्यांचं. कधीतरी महापालिकेचा ट्रक यायचा. नाकाला फडकं बांधलेली माणसं उघड्या हातांनी घमेली भरून वर फेकायची. पावसाळ्यात तर तिथून जाववत नसे. त्या कुंडीसाठी कुणी उसासे टाकत असेल तर त्याला खुशाल टाकू द्या.

मला आठवतो तो सफाईचा जमादार. सायकलवर वस्तीभर फिरणारा. कुंडी तुंबली की त्याला भर रस्त्यात गाठून बोलायचं आणि तोही मुकाट ऐकून घ्यायचा.

2000 च्या घनकचरा नियमांनी कचरा घरूनच उचलायला सांगितलं. नागपूर महापालिकेनं 2008 मध्ये ते काम खाजगी कंपनीला दिलं. दाराशी गाडी येऊ लागली, बऱ्याच कुंड्या उठल्या, गल्ल्या मोकळ्या झाल्या. हे श्रेय द्यायलाच हवं. 2019 च्या अखेरीस जुनी कंपनी गेली आणि दहा झोन दोन नव्या कंपन्यांत वाटले गेले.

पण मेख आहे ती वजनकाट्यावर. भांडेवाडीच्या कचरा डेपोत गाडीचं वजन होतं आणि टनाच्या भावानं बिल निघतं. म्हणजे घरीच खत करणारी गृहिणी कंपनीच्या हिशेबात तोट्याचीच. वजन वाढवायला कचऱ्यात माती, मलबा मिसळल्याच्या तक्रारी अनेक शहरांत झाल्या, आमच्याकडेही झाल्या. 2016 च्या नियमांत ओला, सुका, घातक असं वेगळं करणं आलं, पण काट्याला त्यातलं काय कळणार?

परवा गाडीवरच्या पोरानं माझ्या हिरव्या आणि निळ्या, दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात पालथ्या केल्या. मधला पत्रा कचऱ्याखाली केव्हाच बुडाला होता. "असं का रे?" तर म्हणाला, "काकाजी, तिकडे सगळं एकच होते नं." त्याच्यावर काय चिडणार? तो कंत्राटी. पगार थकले की ही पोरं काम बंद करतात, दोन दिवसांत गल्ली भरते. मग तक्रारीचा नंबर फिरवत बसायचं. जमादार रस्त्यात भेटत नाही.

कंपनी असावी की नसावी, हा वाद मला पटत नाही. पैसे कशाचे मोजता, हे महत्त्वाचं. वेगळ्या केलेल्या कचऱ्याचे आणि झाडलेल्या वस्तीचे मोजा. पुढचं कंत्राट निघेल तेव्हा आपल्या नगरसेवकाला एवढं एक जरूर विचारा.