त्याला वाटतं, समोर माणूसच बसलाय!

हे कळल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. जो दिसेल त्याला सांगत सुटलेय, आता तुमची पाळी.

आमच्याकडे नेटवर्कचे जुने स्विच आहेत. एपीआय वगैरे चैन त्यांच्या नशिबी नाही. टेलनेटने किंवा एसएसएचने आत शिरा, नाव सांगा, पासवर्ड द्या, कॉन्फिगरेशन दाखवायला सांगा. पानभर मजकूर आला की स्विच ‘मोअर’ म्हणून अडून बसतो, मग स्पेस दाबा. पुन्हा ‘मोअर’, पुन्हा स्पेस. शेवटी सगळं कॉपी करून फाइलमध्ये टाका आणि पुढच्या स्विचकडे वळा. या कामाला माणूस लागतोच, असं मी धरून चालले होते, कारण समोरून प्रश्न येतात आणि प्रश्नांना उत्तर द्यायला कोणीतरी हवं.

तर ते ‘कोणीतरी’ म्हणजे पायथनची एक छोटीशी स्क्रिप्ट असू शकते! लायब्ररीचं नाव पीएक्सपेक्ट. शिकायचं ते जेमतेम तीन शब्दांत आटपतं. ‘स्पॉन’ने प्रोग्राम सुरू करायचा, ‘एक्सपेक्ट’ने अमुक मजकूर दिसेपर्यंत थांबायचं, ‘सेंडलाइन’ने उत्तर टाइप करून एंटर मारायचा. झालं. ‘एक्सपेक्ट’ला एकाऐवजी यादीही देता येते: ‘मोअर’ दिसलं तर स्पेस, प्रॉम्प्ट दिसला तर बाहेर पड, ‘लॉगिन चुकलं’ असं दिसलं तर मला कळव. यादीतलं कितवं जुळलं तो आकडा परत मिळतो आणि जुळण्याआधी आलेला सगळा मजकूर ‘बिफोर’मध्ये तयार असतो. माझं कॉन्फिगरेशन तिथेच तर होतं!

तुम्ही म्हणाल, उत्तरं पाइपमधून ढकलली असती की. नाही चालत, आणि का चालत नाही हे कळल्यावर मी खुर्चीतून उठलेच. समोर टर्मिनल नसून पाइप आहे, हे प्रोग्रामला ओळखू येतं. मग सी भाषेची लायब्ररी आउटपुट ओळीओळीने न सोडता मोठा गठ्ठा साचेपर्यंत स्वतःकडे धरून ठेवते. प्रश्न आपल्यापर्यंत पोचतच नाही, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. एसएसएच तर त्याहून बेरकी. पासवर्ड वाचताना तो पाइपकडे ढुंकूनही बघत नाही, थेट टर्मिनल उघडतो.

पीएक्सपेक्टची चलाखी इथेच आहे. युनिक्समध्ये आभासी टर्मिनल मिळतं. त्याचं एक टोक प्रोग्रामच्या हातात, दुसरं आपल्या स्क्रिप्टच्या. प्रोग्राम ‘मी टर्मिनलवर आहे ना?’ असं विचारतो, कर्नल ‘हो’ म्हणतो, आणि स्वारी निर्धास्त! इतकं गोड खोटं मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि हे सगळं मी आत्ता शोधतेय, म्हणजे बघा. पीएक्सपेक्ट ज्यावरून घेतलं ते मूळ ‘एक्सपेक्ट’ 1990चं आहे! अमेरिकेच्या निस्ट या संस्थेतल्या डॉन लाइब्ज यांनी ते टीसीएल भाषेवर उभं केलं. जीसीसी आणि जीडीबी तपासणारी डेजाग्नू ही चौकटसुद्धा त्याच्याच खांद्यावर उभी आहे. पण मला खरा लळा लागला तो त्यासोबत मिळणाऱ्या एका नमुना स्क्रिप्टचा. रोग नावाच्या जुन्या खेळात सुरुवातीची ताकद बहुधा 16 मिळते. ही स्क्रिप्ट खेळ सुरू करते, 16 दिसलं की बंद करते, पुन्हा सुरू करते, आणि 18 मिळाल्यावर ‘इंटरअॅक्ट’ म्हणून कीबोर्ड तुमच्या हवाली करते. कंटाळवाणं काम यंत्राला, मजा आपल्याला. अशी वाटणी मला एकदम मान्य!

बारकावेही काय एकेक आहेत. ‘पासवर्ड’ शोधताना जाणकार इंग्रजीतलं पहिलं अक्षरच गाळतात, म्हणजे प्रोग्रामने ते मोठं लिहिलं काय, लहान लिहिलं काय, जुळणारच. पीएक्सपेक्ट उत्तर पाठवण्याआधी 50 मिलिसेकंद मुद्दाम थांबतं, कारण काही प्रोग्राम आधी पासवर्ड मागतात आणि टाइप केलेलं दिसणं मग बंद करतात. घाई केली तर पासवर्ड पडद्यावर उमटायचा. हा अनुभव ज्याने कोडमध्ये उतरवला त्याला माझा नमस्कार.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. पॅटर्नच्या शेवटी ‘कितीही अक्षरं’ असं लिहिलंत तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. मजकूर थेंबथेंब येत असतो, आणि जुळवणी पहिल्या थेंबालाच समाधान मानते. म्हणून शेवटी नेहमी प्रॉम्प्टसारखी ठाम खूण द्या. दुसरं म्हणजे, उत्तर आलं नाही तर पीएक्सपेक्ट आपणहून 30 सेकंद थांबतं आणि मग चूक दाखवतं. मोठं काम असेल तर ही मर्यादा वाढवावी लागते.

तुमच्याकडेही असा एखादा अडेल प्रोग्राम असणारच. ज्याला एपीआय आहे त्याला एपीआयनेच बोला, एसएसएचला शक्य तिथे ‘की’ वापरा, आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका. बाकी सगळ्यांसाठी लिनक्सवर किंवा मॅकवर आजच पीएक्सपेक्ट टाका, आणि पहिली स्क्रिप्ट चालली की मला नक्की सांगा!