काळी चारचा तंबोरा

जमिनीच्या मोजणीखात्यात बत्तीस वर्षे नोकरी करून, हद्दीच्या खुणा, फाळणी नकाशे आणि वहिवाटीचे तंटे यांतून मी निवृत्त झालो, त्याच सुमारास माझ्या पत्नीच्या उजव्या हाताच्या बोटांत संधिवाताने असे ठाण मांडले की, ज्या तंबोऱ्यावर तिने मिरजेत चाळीस वर्षे किराणा घराण्याची गायकी आळवली, त्याची तार छेडणेही तिला दुःसह होऊ लागले. बाजारात विजेचे तंबोरे मिळतात, आणि त्यांच्या साथीने गाणारे थोर कलावंतही पुष्कळ आहेत. परंतु तिला हवा होता तो तिच्या काळी चार या पट्टीचा, तिने स्वतः लावलेला नाद. तो मिळत नाही म्हणून तिने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, आणि तिचे ते मौन मला सोसेना, म्हणून हे काम मी अंगावर घेतले.

साहित्य थोडके होते. तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय नावाचा संगणक, फितीसारख्या चपट्या केबलने त्याला जोडलेले सात इंची स्पर्शपटल, ध्वनीसाठी वेगळी पाटी, आणि हे सर्व सामावून घेणारी, घरातल्या जुन्या दप्तरपेटीच्या सागवानी फळ्यांची चौकट. ध्वनीची पाटी वेगळी घ्यावी लागली, कारण मूळ संगणकाच्या खोबणीतून निघणाऱ्या आवाजात एक बारीक खरखर असते, जी बोलण्याला चालते, षड्जाला चालत नाही. पहिले आठ दिवस नाद मध्येच तुटत असे आणि पटलाच्या कोपऱ्यात विजेची एक लहानशी खूण चमकून जाई. ती खूण म्हणजे वीज अपुरी पडत असल्याचा संकेत होता, हे समजायला मला विलंब लागला. तीन अँपिअर असा छाप असलेला तो अडॅप्टर प्रत्यक्षात तेवढी वीज पुरवीत नव्हता. तो बदलला आणि तुटणे थांबले.

तार घडवण्याची रीत मात्र विलक्षण सुंदर आहे, आणि ती 1983 साली केव्हिन कार्प्लस व अलेक्झांडर स्ट्राँग यांनी प्रसिद्ध केली. क्षणभराचा निव्वळ खळखळाट एका स्मृतीत सोडावयाचा, ठराविक अवधीनंतर तो बाहेर काढून शेजारच्या नमुन्याशी त्याची सरासरी घ्यावयाची आणि पुन्हा त्याच स्मृतीत टाकावयाचा. या फेऱ्यांत खळखळाट झिजत जातो आणि उरतो तो छेडलेल्या तारेचा स्वर. मिलर पकेट यांच्या ‘प्युअर डेटा’ या प्रणालीत हे सारे चौकटी मांडून आणि त्या रेषांनी जोडून करता येते, आणि आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाला ती भाषा लवकर आपली वाटली. सेकंदाला 48000 नमुने धरले तर काळी चारच्या जोडासाठी फेरी सुमारे 231 नमुन्यांची होते. पण 231 ऐवजी 232 धरले की स्वर साडेसात सेंटांनी (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे सूक्ष्म एकक) उतरतो, आणि जोडाच्या दोन तारांत एवढे अंतर पडले तर त्यांत जोड उरत नाही. म्हणून दोन नमुन्यांच्या मधली, प्रत्यक्षात नोंदलीच न गेलेली जागाही हिशेबाने काढावी लागते. मोजणीत आम्ही इंचाची तडजोड केलेली आहे. येथे ती करण्याची सोय नव्हती.

खुंट्यांच्या जागी पटलावर मी चार पट्ट्या आखल्या. पटलाची रुंदी 154 मिलिमीटर. तीत एक सप्तक बसवले तर हार्मोनियमचा शुद्ध गंधार आणि षड्जाच्या पोटातून आपसूक उमटणारा स्वयंभू गंधार यांच्यात जेमतेम पावणेदोन मिलिमीटरांचे अंतर पडते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. महसुलाच्या कारकिर्दीतल्या या गृहस्थाने तारेच्या लांबीवरून बावीस श्रुतींचे हिशेब मांडून 1910 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि त्या कामी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचा कान त्यांच्या पाठीशी होता. पावणेदोन मिलिमीटरांवर बोट सरकवताना मला त्यांची वारंवार आठवण येई. मणी सरकवण्याइतका बारीक फरक करता यावा म्हणून मी पट्टीखाली आणखी एक पट्टी दिली, जिच्या साऱ्या रुंदीत केवळ पन्नास सेंट मावतात.

एवढे झाल्यावर मी तिला यंत्र ऐकवले. तिने डोळे मिटून बराच वेळ ऐकले आणि म्हणाली, “सूर खरा आहे हो, पण गंधार बोलत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी सतारमेकर गल्लीत गेलो. तेथील एका वृद्ध कारागिरांनी माझे म्हणणे ऐकून घेतले, भिंतीशी टेकलेला तंबोरा आडवा घेतला आणि घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवून दाखवला. एका जागी तार मुकी होती. दुसऱ्या जागी तीच तार छेडल्यानंतर क्षणभराने उमलली आणि तिच्यातून गंधार स्वच्छ बाहेर आला. “साहेब,” ते म्हणाले, “घोडी सपाट नसते. तार वाजते तेव्हा तिच्यावर चढते आणि उतरते. तिची लांबी एक राहत नाही.”

चाळीस वर्षे जो नाद घरात घुमत होता त्याचे कारण मला त्या ओट्यावर बसून कळले. मी प्रत्येक तारेला एक नेमकी लांबी बहाल केली होती आणि ती तशीच राखण्यासाठी सर्व खटपट केली होती. खऱ्या तंबोऱ्यात तार हेलकावताना त्या गोलसर घोडीवर किंचित लपेटली जाते, म्हणून तिचा कंपणारा भाग प्रत्येक कंपनात थोडा आखडतो आणि पुन्हा मोकळा होतो. घरी येऊन मी फेरीचा अवधी तारेच्याच हालचालीच्या स्वाधीन केला: लाट वर गेली की अवधी कणभर कमी, खाली आली की पूर्ववत. किती कमी, हे ठरवायला तीन रात्री गेल्या. थोडे जास्त झाले की पत्रा वाजल्यासारखे होई, थोडे कमी झाले की तार पुन्हा मुकी. तिसऱ्या रात्री, खर्जाची तार छेडून झाल्यावर, तिच्या मागून गंधार आला.

मी तिला उठवले नाही. सकाळी ती आली, पेटीसमोर बसली आणि वाकड्या झालेल्या त्या बोटाने जोडाची दुसरी तार पहिलीत मिळवू लागली; लहरी मंदावत गेल्या आणि थांबल्या. काच तिच्या बोटाला विरोध करत नव्हती, म्हणून दुखत नव्हते. बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, “अहो, मालकंस घ्यावासा वाटतोय. मध्यम लावता का?”

पहिल्या तारेवर मी पंचमाखेरीज दुसरी तजवीजच केली नव्हती. तिला थांबायला सांगून मी नकाशा उघडला आणि पाऊण या अपूर्णांकाच्या जागी दोन तृतीयांश लिहिले. दाराशी दूधवाला हाक मारत होता. तिने आलाप सुरू केला होता, म्हणून मी पायांचा आवाज न करता उठलो.