लाल माती, टर्बो आणि आईचे गुडघे

"ताई, सीटबेल्ट ओढा. शेवटपर्यंत ओढा."

मिरजोळे एमआयडीसीतले गॅरेजवाले काका अजून बॉनेटपाशी गेलेही नव्हते. माझा जीव मात्र त्या पांढऱ्या पोलोच्या मागच्या 'जीटी' या दोन अक्षरांत केव्हाच अडकला होता. २०१४ ची गाडी, एमएच-०८ पासिंग, किंमत तीन लाख साठ हजार. बॉस, एवढ्या पैशांत आमच्या पुण्याच्या ग्रुपमधल्या एकाने बाइक घेतली होती!

पण थांबा, जरा रिवाइंड करते. गेल्या वर्षी पुण्यातली खोली सोडून मी रत्नागिरीला घरी आले. फ्रीलान्सरचं ऑफिस म्हणजे लॅपटॉप, तो कुठेही उघडतो. घर भाट्ये पुलापलीकडे, पावसच्या रस्त्याला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला आठवड्यातून तीनदा शहरात फिजिओथेरपीला न्यायचं आणि दर वेळी रिक्षावाल्यांच्या विनवण्या करायच्या. गाडी हवीच होती. बजेट साडेचार लाख, म्हणजे सहा वर्षांची सगळी शिल्लक. शहाण्या माणसाने यात साधी हॅचबॅक घ्यावी आणि गप्प बसावं. मला स्पोर्ट्स कार हवी होती.

परदेशात माझ्या वयाची मुलं जुनी माझदा एमएक्स-५ घेऊन रोज ऑफिसला जातात. १९८९ पासून निघणारी ही दोन सीटची गाडी कंपनीने आपल्याकडे कधी विकलीच नाही. आपल्याकडे होती ती सॅन स्टॉर्म, फायबरग्लासच्या बॉडीची. खाऱ्या हवेला गंजवायला पत्राच नाही, रत्नागिरीसाठी केवढी सोय! पण ती आता मिळणं मुश्कील, आणि दोन सीटच्या गाडीत आई बसली की आंब्याच्या पेट्या कुठे ठेवणार? उरल्या त्या 'हॉट हॅच'. दिसायला घरगुती, आतून वांड.

माझं पहिलं प्रेम अबार्थ पुंटो. फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातली, २०१५ मध्ये आलेली, १४५ बीएचपीची. नाव घेतलं तरी अंगावर काटा येतो. पण पुंटो बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. फियाटचं १.३ डिझेल इंजिन स्विफ्टमध्येही होतं, म्हणून त्याचे पार्ट कुठेही मिळतात. अबार्थचं १.४ टर्बो पेट्रोल मात्र मोजक्याच गाड्यांत बसलं. एका सेन्सरसाठी गाडी महिनाभर उभी राहिली, तर आईला काय खांद्यावरून नेऊ? फुली!

मग ही चाकणची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. शनिवारी सकाळी मालकांना शेजारी बसवून मी ती आरे-वारेला काढली. गणपतीपुळ्याचा हा रस्ता तुम्ही केला असेल तर सांगायला नको: सुरूचं बन मागे पडतं, चढ लागतो, आणि एका वळणावर डाव्या हाताला अख्खा समुद्र अंगावर येतो. (मधोमध सेल्फी काढणारे टुरिस्ट येतात ते वेगळे.) पोलो तिथे अशी सुटली की मालकांनी वरचं हँडल धरलं. मी फुल टू फिदा! फक्त एका चढावर एसटीच्या मागे रांगत जाताना गाडी थरथरली. या गिअरबॉक्सचे क्लच ड्राय असतात, रांगत्या चढावर ते तापतात. तो उघडायची वेळ आली तर सगळी शिल्लक संपायची. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, चालतंय की!

तिथून थेट काकांकडे. बेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या हातभर पट्ट्यावर चहाच्या डागासारखी तपकिरी कड. काकांनी सीटखाली बॅटरी मारली, तर रुळांचे बोल्ट गंजलेले. मग डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढली. खालच्या खळग्यात पिठासारखी बारीक माती बसली होती. काकांनी ती दोन बोटांत चोळून पाहिली.

"ही नदीची माती हो. आपली लाल नाय."

मालक खाली बघत होते. मग म्हणाले, "चिपळूणची आहे. २२ जुलै."

२०२१ चा तो दिवस जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वाशिष्ठी रात्रीत शहरात शिरली होती. "घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं," ते म्हणाले. "आईला उचलून गच्चीवर नेलं. गाडी कुठाय, हे दोन दिवस कोणी विचारलंसुद्धा नाही." मी भांडायच्या तयारीत होते, ते तिथेच विरघळलं. त्यांनी आधी सांगायला हवं होतं, हे खरंच. पण पुरातल्या गाडीचं पाणी वाळतं, वायरिंगच्या जोडांतला गंज मात्र हळूहळू वाढत राहतो आणि दोन-तीन वर्षांनी भर पावसात घाटात गाडी बंद पाडतो. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि मी 'नको' म्हटलं.

शेवटी गाडी कोल्हापुरात मिळाली. मारुती बलेनो आरएस. २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये बीएस-६ लागू होण्याआधीच गेली. बलेनोसाठी एवढे पैसे कोण देणार, म्हणून नवी असताना फारशी चालली नाही. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो, १०२ पीएस, हाताचे पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आणि मारुतीचा मेकॅनिक कुठे नाही? काका दिवसाची मजुरी घेऊन एसटीने माझ्याबरोबर आले. पंचगंगाही २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात आली होती, त्यामुळे पुन्हा बेल्ट, पुन्हा रूळ, पुन्हा स्टेपनी. सगळं कोरडं. चार लाख पाचला सौदा तुटला. फॉर्म २९, ३०, बँकेची एनओसी. उरलेल्या पंचेचाळीस हजारांत चार टायर आणि खालून गंजरोधक कोटिंग. दर रविवारी पाइप लावून पोट गोड्या पाण्याने धुवायचं, अशी काकांची सक्त ताकीद.

आंबा घाटात दुसऱ्या गिअरला टर्बो जागं झालं तेव्हा काकांनीही हँडल धरलं. साखरपा, पाली, हातखंबा कधी गेलं कळलं नाही. खरी परीक्षा घरी होती. बेड्यापर्यंतचा शेवटचा तुकडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. श्वास रोखून पहिल्या गिअरला चढवली. पोट कुठे घासलं नाही.

सोमवारी आई आधी सीटवर टेकली, मग एकेक पाय उचलून आत घेतला. "खुर्ची ठेंगणी आहे, पण जमेल," म्हणाली. भाट्ये पुलावर आमच्यापुढे एसटी होती. मी शहाण्यासारखी तिच्यामागे वीसच्या स्पीडने चालले होते. आईने दोन मिनिटं वाट पाहिली.

"रेसची गाडी ना गो ही? मग त्या लाल डब्याच्या मागे काय करतेस?"