नमुन्याची कथा

आमची थोरली एक दिवस म्हणाली, "मला एम.ए. करायचंय, पण कथा लिहिण्याचं." आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. दीपनगरच्या वसाहतीतली मुलं डिप्लोमा करतात, इंजिनिअरिंग करतात, फार तर बी.एड. कथेला पदवी कशाला? घरी आलेल्या एका नातलगांनी विचारलंच, "आपल्या बहिणाबाईंकडे कोणती पदवी होती?" ती म्हणाली, "त्यांच्या ओव्या उतरवून घ्यायला घरात सोपानदेव होते. नाहीतर १९५२ चं ते पुस्तक निघालंच नसतं." आम्ही मास्तरकीच्या घरातली माणसं. उत्तर बरोबर आलं की गप्प बसतो.

मग आम्हीच चौकशीला लागलो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात हे शिक्षण १९३६ पासून चालू आहे. तिथल्याच आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला आपले दिलीप चित्रे १९७५ साली गेले होते. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातही सर्जनशील लेखनाचं एम.ए. आहे. अमेरिका आमच्या खिशाबाहेरची. दिल्लीची गाडी निदान भुसावळला मिळते.

अशा अर्जाला नुसते गुण पुरत नाहीत. स्वतःच्या लिखाणाचा नमुना द्यावा लागतो. तिने निवडलेल्या ठिकाणी तो इंग्रजीत हवा होता. तिने आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजी करायला बसली आणि पहिल्याच ओळीत अडली. मराठीत फुप्पीची आत्या होते, खालाची मावशी. इंग्रजीत दोघी एकच! शेवटी तिने 'फुप्पी' तसंच ठेवलं. वाचणाऱ्यांनी शिकून घ्यावं, म्हणाली.

खरी अडचण पुढे होती. कथा तिच्या धुळ्याच्या फुप्पीचीच होती. सातवीनंतर शाळा सुटली ती. कथेत दादा तिचं दप्तर माळ्यावर टाकतात आणि घरात कुणी काही बोलत नाही. आम्ही वाचली आणि आधी रागच आला. घरातली गोष्ट परक्या प्राध्यापकांना वाचायला द्यायची? मरहूम दादांचं नाव असं निघावं? दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट करून तिचे अब्बा रात्री उशिरा आले. जेवायला न बसता तिच्याजवळ गेले. म्हणाले, "दप्तर अब्बांनी नाही टाकलं. अब्बा तर ड्युटीवर होते. मी टाकलं. मी तेव्हा दहावीत होतो. मोहल्ल्यातली पोरं चिडवायची, बहीण एवढ्या लांब शाळेत जाते म्हणून." हे आम्हाला लग्नाच्या इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

थोरलीने विचारलं, "असंच लिहू?" ते म्हणाले, "आधी तिला विचार."

रविवारी सगळेच धुळ्याला गेलो. थोरलीने कथा मराठीतच मोठ्याने वाचली, बदललेली. फुप्पी भाकरीचं पीठ मळत ऐकत होत्या. वाचून झालं तरी हात थांबला नाही. भावाकडे बघितलंही नाही. मग थोरलीला म्हणाल्या, "दप्तर हिरवं लिहिलंयस. ते खाकी होतं, भाईजानचंच जुनं. आणि आत भूगोलाची वही होती, तीही लिही."

बुधवारी रात्री अर्ज गेला. वहीसकट.