‘म’पाशी तुटणारा पत्ता

पुणतांब्याविषयीचे मराठी लेख एका संकेतस्थळावर नीट लावायचं काम मी हाती घेतलं, तेव्हा विषयांची वानवा नव्हती. चांगदेव महाराजांची समाधी, गोदाकाठ, दौंड–मनमाड मार्गावरचं जंक्शन, १ जून २०१७ पासूनचा शेतकरी संप. मजकूर तयार होता. वेळ खाल्ला तो प्रत्येक लेखाच्या वेबपत्त्यानं.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. पत्त्यात त्या एकेका बाइटची तीन चिन्हं होतात: आधी टक्क्याची खूण, मग दोन अक्षरं किंवा आकडे. नुसत्या ‘प’चं रूप ‘%ई०%ए४%एए’ असं, तेही रोमन लिपीत. काना, उकार, अनुस्वार वेगळे मोजायचे. त्यामुळे ‘पुणतांबा’ या आठ चिन्हांच्या नावाची पत्त्यात ७२ चिन्हं होतात. ब्राउझरच्या पट्टीत नाव छान देवनागरीत दिसतं. कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं की बहुतेक वेळा टक्क्यांची लांबलचक रांगच पुढे जाते. अशी लिंक आली की जाणती माणसंही ती उघडत नाहीत, आणि हल्लीच्या फसवणुकी पाहता ते बरोबरच आहे.

वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता आपोआप तयार करतं, पण त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. ‘पुणतांब्याच्या चांगदेव महाराजांची समाधी’ हे शीर्षक घ्या. एका देवनागरी चिन्हाला नऊ जागा, मधल्या मोकळ्या जागेला एक. हिशेब केला तर ‘पुणतांब्याच्या-चांगदेव-म’ इथेच २०० भरतात. महाराज नाहीत, समाधी नाही. ब्लॉगरची तऱ्हा वेगळी. पूर्ण देवनागरी शीर्षक असेल तर पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ येतं, पुढच्या लेखांना त्याच्याच शेपटीला आकडे. लेख कशावर आहे, याचा पत्त्यात मागमूस नाही. तिथे प्रकाशित करण्याआधीच कस्टम परमालिंक लिहावी लागते.

मराठी विकिपीडिया पत्त्यात देवनागरी वापरतो आणि ते मला मनापासून आवडतं. गूगलच्या सूचनाही वाचकांच्या भाषेतल्या शब्दांना आडकाठी करत नाहीत. शब्दांमध्ये अंडरस्कोअरऐवजी आडवी रेघ द्या, एवढं मात्र सांगतात. तरीही शीर्षक आणि मजकूर देवनागरीत, पत्ता छोटा आणि रोमन, असंच मी ठरवलं. शोधयंत्र मुख्यतः मजकूर वाचतं, पत्त्यातल्या शब्दांचा वाटा थोडाच. पत्ता खरा उपयोगी पडतो तो फोनवर सांगताना आणि पाठवताना.

मग स्पेलिंग. उच्चाराप्रमाणे ‘ण’नंतर ‘ए’ घालायचा मोह होतो. पण रेल्वेच्या इंग्रजी नावात तो ‘ए’ नाही, आणि बाहेरगावचा माणूस शिर्डीच्या आसपासच्या गाड्या बघताना तेच नाव टाइप करतो. मीही तेच घेतलं.

जिल्ह्याचं नाव मात्र पत्त्यात घातलं नाही. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. तालुकाही पूर्वी कोपरगाव होता, आता राहाता आहे. असल्या गोष्टी मजकुरात दुरुस्त करता येतात. पत्ता बदलला की लोकांनी आधी पाठवलेल्या लिंका मोडतात. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली यानं १९९८ मध्येच बजावलं होतं की चांगले पत्ते बदलत नसतात.

वर्षाचा प्रश्न जरा किचकट होता. ब्लॉगर पत्त्यात प्रकाशनाचं वर्ष आणि महिना घालतो, वर्डप्रेसमध्ये ते काढता येतं. समाधीवरच्या लेखाला तारीख कशाला हवी? संपाचं तसं नाही. २०१७ नंतर २०२२ च्या जूनमध्येही गावात शेतकऱ्यांचं धरणं आंदोलन झालं, म्हणून ‘पुणतांबा-शेतकरी-संप-२०१७’ असा पत्ता रोमन लिपीत दिला. इथे वर्ष घटनेचं आहे, लेख टाकल्याचं नव्हे.

जे लेख आधीच देवनागरी पत्त्यांवर गेले होते, त्यांच्यासाठी ३०१ हे कायमचं वळण लावलं. जुन्या लिंकवर टिचकी मारणारा आपोआप नव्या पत्त्यावर पोचतो आणि शोधयंत्रही हळूहळू नवा पत्ता धरतं. जंक्शनवरच्या लेखाचं शीर्षक त्यानंतर बदललं, शिर्डीला जाणाऱ्या फाट्याची माहितीही वाढली; ‘पुणतांबा-जंक्शन’ हा पत्ता आहे तसाच आहे.