नाव झाकलेली कविता

साहित्याची जाण गोल काळे करून तपासता येते असे कुणी म्हटले की आम्ही हसत असू. वीस वर्षे मराठी शिकवल्यावर एवढा अहंकार जडतोच. तो उतरवला आमच्या भाचीने, न्यू जर्सीतल्या तिच्या घरी, २०१४ च्या उन्हाळ्यात.

ती तेव्हा 'सॅट'च्या साहित्य विषयाच्या परीक्षेला बसणार होती. 'कॉलेज बोर्डा'च्या या विषयवार परीक्षा १९३७ साली सुरू झाल्या. एकेक तासाच्या या परीक्षांचे गुण २०० ते ८०० या मोजपट्टीवर देत. साहित्यासाठी नेमलेले पुस्तक नव्हते. सहा ते आठ कविता वा उतारे, त्यांवर साठेक प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.

आम्ही सराव-पुस्तिका घेऊन बसलो. "मामा, कवीचं नाव शोधू नका," भाची म्हणाली, "ते देतच नाहीत. फक्त साल देतात." एका कवितेचा सूर आम्ही 'भक्तिभावाचा' ठरवला. उत्तर होते, 'उपरोधाचा'. तावातावाने कविता पुन्हा वाचली. उपरोधच होता. कवीचे नाव, काळ, संप्रदाय यांचा आधार काढून घेतल्यावर आमचे वाचन किती लंगडे होते, हे त्या तासाभरात कळले.

परतीच्या प्रवासात एक जुनी उत्तरपत्रिका आठवत राहिली. नेमलेल्या एका कवितेत शोक नसून संताप आहे, असे एका विद्यार्थ्याने तोडक्यामोडक्या भाषेत लिहिले होते. नमुना उत्तरात 'करुण रस' होता. आम्ही आठपैकी दोन गुण दिले. पुढच्या वर्षी त्याने मराठी सोडले. ते आमच्यामुळेच, असे म्हणायला पुरावा नाही. आमच्यामुळे नव्हे, असे म्हणायचा धीरही होत नाही.

या परीक्षांवरचे आक्षेप खोटे नव्हते. शुल्क, शिकवण्या आणि मुळात त्यांची माहिती असणे, हे सारे सुस्थित घरांच्या बाजूचे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २००१ च्या अभ्यासात, पहिल्या वर्षाच्या यशाचा अंदाज सर्वसाधारण 'सॅट'पेक्षा विषयवार परीक्षांवरून अधिक चांगला येतो, असे दिसले होते. तरीही २०१२ च्या प्रवेशांपासून त्याच विद्यापीठाने त्यांची सक्ती काढली. केवळ त्या न दिल्यामुळे पात्र मुले दाराबाहेर राहत होती. जानेवारी २०२१ मध्ये 'कॉलेज बोर्डा'ने या परीक्षा बंद केल्याचे जाहीर केले. 'एपी' अभ्यासक्रम आता पुरेसे पसरले आहेत, हे एक कारण दिले गेले. 'एपी'च्या साहित्य परीक्षेत निबंधही लिहावे लागतात, म्हणून आमच्या दृष्टीने ती अधिक सरस. पण तो अभ्यासक्रम प्रत्येक शाळेत नसतो. घरी, ग्रंथालयात, एकट्याने वाचणाऱ्या मुलाला आपले वाचन सिद्ध करण्याची एक सोपी वाट मात्र बुजली.

आपल्याकडे २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी 'सीयूईटी' आली. तिच्या तेरा भाषांत मराठी आहे, आणि प्रश्न पर्यायांचेच आहेत. सहकारी नाक मुरडतात. आम्हाला आता तसे सहज मुरडता येत नाही. पर्यायांच्या परीक्षेला विद्यार्थ्याचा युक्तिवाद दिसत नाही, त्याने स्वतः काढलेला अर्थ दिसत नाही. केवळ तिच्यावर प्रवेश ठरवणे अन्यायाचेच. पण समोरचा मजकूर त्याने खरोखर वाचला की गाइड पाठ केले, एवढे ती ओळखू शकते, प्रश्न नीट काढले असतील तर. आणि ती परीक्षार्थीची शाळा, आडनाव, हस्ताक्षर पाहत नाही. आम्ही ते सारे पाहत आलो.

तेव्हापासून दर सत्रात आम्ही वर्गात एक अपठित कविता देतो, कवीचे नाव झाकून. विद्यार्थी लिहितात, त्यांच्याबरोबर आम्हीही लिहितो, आणि मग सगळी उत्तरे मोठ्याने वाचतो. नमुना उत्तर नसते. अधूनमधून एखादा विद्यार्थी आम्हाला चूक ठरवतो. त्या दिवशी त्या दोन गुणांची आठवण हटकून येते.